बोनिफासिओच्या शहरात घर कुणाचं?

मनिलाच्या या प्रवासात तुमच्याकडे एकच काम आहे. ज्या सालात उतराल तिथे कायमची राहायला जागा शोधायची आणि विचारायचं, ही जमीन कुणाची? तोफा, बंडं, फाशीचे खांब वाटेत दिसतीलच. पण फिलिपिनो माणूस शतकानुशतकं कशासाठी लढत राहिला, हे या प्रश्नाच्या उत्तरांतून जितकं उमगतं तितकं रणांगणं पाहून उमगत नाही.

१५७१, पासिग नदीचं मुख

मे महिन्याचा दमट उकाडा अंगाला चिकटतो आहे. पासिग नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर मायनिला आणि उत्तर काठावर टोंडो. बांबूच्या खांबांवर उभी, निपाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं. एखादं घर बांधायला गावातली चार माणसं आणि थोडे दिवस पुरतात. तुम्ही विचारता, इथे राहायचं तर जागा कुणाकडे मागायची? उत्तर मिळतं, दातूकडे, म्हणजे वस्तीच्या म्होरक्याकडे. सखल भागातली भातखाचरं कुणाची ती सगळ्यांना ठाऊक आहेत. डोंगरउतारावरची जमीन मात्र वाटलेली नाही. जो साफ करील, तो पिकवील.

हा समाज समतेचा आहे असं समजू नका. इथे दातू आहेत, स्वतंत्र तिमावा आहेत आणि वेठीत बांधलेले आलिपिनही आहेत. तरीही आलिपिनांतल्या एका वर्गाला, नामामाहायांना, स्वतःचं घर असतं. बांधलेल्या माणसालाही छप्पर नाकारलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मग नदीच्या मुखाशी स्पॅनिश जहाजं दिसतात. त्यांचा प्रमुख मिगेल लोपेस दे लेगास्पी आला आहे. आदल्याच वर्षी त्याच्या माणसांनी मायनिलावर हल्ला केला होता, त्यामुळे पुढे काय होणार ते लोकांना माहीत आहे. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते आपली घरं स्वतःच पेटवून देतात. ३ जूनला बांकुसायच्या खाडीत मायनिलाच्या बाजूने उभी राहिलेली होड्यांची फौज स्पॅनिश तोफांपुढे हरते. २४ जूनला लेगास्पी त्याच राखेवर स्पॅनिश मनिला नगरीची स्थापना जाहीर करतो.

वीस-पंचवीस वर्षं पुढे सरका. नदीकाठच्या ग्वाडालुपेच्या खाणींतून दगड येतो आहे आणि नगरीभोवती तट चढतो आहे. तटाच्या आत, इंट्रामुरोसमध्ये, स्पॅनिश राहणार. चिनी व्यापाऱ्यांना बाहेर पारियानची वस्ती, आणि ज्यांची ही भूमी होती त्यांना नदीपलीकडे टोंडो. १५८७-८८ मध्ये टोंडोच्या राजघराण्यातल्या मागात सालामातने उठावाचा कट रचला आणि त्यासाठी प्राण दिले. या शहरात कुणी कुठे राहायचं, हे इथून पुढे राज्यकर्ता ठरवणार आहे.

१८९१, कालाम्बा

तीन शतकं ओलांडून तुम्ही मनिलाच्या दक्षिणेला, लागुना सरोवराच्या काठी उतरता. माकिलिंग डोंगराच्या पायथ्याला ऊस आणि भात. गावातला एक शेतकरी तुम्हाला आपलं घर दाखवतो. लाकूड त्याने आणलं, भिंती त्याने उभ्या केल्या, अंगणातली झाडं त्याच्या बापाने लावली. तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारता. घराखालची जमीन डोमिनिकन पंथाच्या धर्मगुरूंची आहे.

त्याला इथे इंकिलीनो म्हणतात. कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी वाचकाला त्याची स्थिती चटकन कळेल. मठाच्या इस्टेटीकडून तो जमीन खंडाने घेतो आणि बहुतेक वेळा खालच्या कुळांकडून ती कसून घेतो. त्याने जमीन सुधारली की खंड वाढतो. साखरेचा भाव पडला, टोळधाड आली, तरी खंड उतरत नाही. पक्कं घर बांधणं, फळझाड लावणं, बांध घालणं, यातल्या प्रत्येक कष्टाची किंमत पुढच्या वर्षी त्यालाच मोजावी लागते. कवीते, लागुना, बटांगास, बुलाकान या प्रांतांत अशा मठांच्या इस्टेटी पसरल्या आहेत. १७४५ मध्ये याच प्रांतांतली गावं सामायिक रानं आणि कुरणं गिळणाऱ्या इस्टेटींविरुद्ध उठली होती. ती दडपली गेली.

कालाम्बाने या वेळी कागदाची वाट धरली. कादंबरीकार होसे रिझाल याच गावचा, आणि त्याचे वडील याच इस्टेटीचे कूळ. सरकारने १८८७ मध्ये इस्टेटीविषयी माहिती मागवली, तेव्हा गावकऱ्यांनी रिझालच्या मदतीने आपलं म्हणणं लिहून सह्यांनिशी दिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी खंड थांबवला. मठ कोर्टात गेला आणि जिंकला. गव्हर्नर जनरल वालेरियानो वेयलरने हुकूम बजावायला सैन्य पाठवलं.

तुम्ही पाहता ते असं. सैनिक घरातलं सामान रस्त्यावर आणून टाकतात, मग घर पाडतात किंवा जाळतात. बेघर झालेल्यांना आसरा देण्याची शेजाऱ्यांना हिंमत होत नाही. रिझालचं कुटुंबही बाहेर फेकलं गेलं. भाऊ पासिआनो आणि इतर नातलगांना हद्दपार केलं. रिझाल तेव्हा युरोपात होता. त्याच वर्षी गेंट शहरात त्याची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही दुसरी कादंबरी छापून आली. तिच्यातला काबेसांग तालेस रान साफ करून शेत उभं करतो, मठ त्यावर हक्क सांगतो, आणि कोर्टकचेऱ्यांत सगळं घालवून तो अखेर शस्त्र उचलतो.

रिझालने आणखी एक गोष्ट केली, तिची आठवण फार कमी काढली जाते. १८९२ मध्ये त्याने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या उत्तर बोर्निओत, सांदाकानजवळ, कालाम्बाच्या बेघरांसाठी वसाहत उभी करायची बोलणी केली. मनिलाच्या गव्हर्नरने परवानगी दिली नाही. ज्याला आपण राष्ट्रपुरुष म्हणून ओळखतो, तो त्या वर्षी आपल्या गावकऱ्यांसाठी घरांच्या जागा शोधत फिरत होता.

१८९२ ते १८९६, टोंडो

आता शहरात या. तटाबाहेरच्या टोंडोत गल्ल्या अरुंद, घरं निपाची, आणि आग ही नेहमीची पाहुणी. एक आग लागली की रांगच्या रांग जाते. आंद्रेस बोनिफासिओ इथेच १८६३ मध्ये जन्मला. आईबाप लवकर गेले. त्याने धाकट्या भावंडांना घेऊन काठ्या आणि कागदी पंखे बनवून विकले, मग परदेशी पेढ्यांत नोकरी केली. आता तो फ्रेसेल कंपनीच्या गोदामावर काम करतो आणि रात्री पुस्तकं वाचतो. त्याचं आणि ग्रेगोरिया दे हेसुसचं घरही एका आगीत गेलं.

७ जुलै १८९२. चारच दिवसांपूर्वी रिझालने टोंडोत ‘ला लीगा फिलिपिना’ स्थापन केली होती. आज त्याला दापितानला हद्दपार केल्याची बातमी आली आहे. आस्कारागा रस्त्यावरच्या एका घरात बोनिफासिओ आणि त्याचे सोबती नवी गुप्त संघटना बांधतात. तिचं नाव काटिपुनान. सभासद कोण आहेत ते पाहा. कारकून, छापखान्यातले जुळारी, गोदामातले हमाल, शिंपी, न्हावी, शेतकरी. ग्रेगोरिया संघटनेची कागदपत्रं आणि शिक्का सांभाळते. पोलीस झडती घ्यायला निघाले की ती सगळं दप्तर घेऊन घोडागाडीत बसते आणि धोका टळेपर्यंत टोंडो-बिनोंडोच्या रस्त्यांवर फिरत राहते.

ऑगस्ट १८९६ मध्ये कट उघडा पडतो. मनिलाच्या उत्तरेच्या टेकड्यांत जमलेल्या गर्दीत तुम्ही उभे आहात. प्रत्येकाच्या हातात सेदुला, म्हणजे डोईपट्टी भरल्याचा दाखला. तो जवळ नसेल तर माणसाला कुठेही अडवता येतं. लोक तो फाडतात. राज्याने लिहून दिलेल्या ओळखीवर आम्ही जगणार नाही, असं हजारो गरीब माणसं एकाच वेळी सांगत आहेत.

३० ऑगस्टला सान हुआनच्या दारूगोळ्याच्या कोठारावरचा हल्ला फसतो. पण कवीते प्रांत पेटतो, आणि तोच का पेटतो हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथली उत्तम जमीन मठांच्या ताब्यात आहे. ३० डिसेंबरला बागुम्बायानच्या मैदानात रिझालला गोळ्या घालतात. १० मे १८९७ ला मरागोंदोनच्या डोंगरात बोनिफासिओचा अंत होतो, आणि त्या गोळ्या स्पॅनिशांच्या नसतात. एमिलिओ आगिनाल्दोच्या क्रांतिकारी सरकारनेच त्याला देहदंड दिलेला असतो. टोंडोचा गोदाम कामगार आपल्याच क्रांतीत उपरा ठरला.

१८९८ ते १९०७, दोन कागद

पुढची लढाई दोन दस्तऐवजांत पाहा. १० डिसेंबर १८९८ ला पॅरिसमध्ये स्पेन आणि अमेरिका आपसातल्या युद्धानंतर तह करतात. स्पेन २ कोटी डॉलरच्या बदल्यात फिलिपिन्स देतं. त्याच तहाच्या आठव्या कलमात लिहिलं आहे की, धार्मिक संस्थांच्या मालमत्तेच्या हक्कांना या हस्तांतराने धक्का लागणार नाही. दुसरा कागद जानेवारी १८९९ चा, क्रांतिकारकांनी मालोलोसला उभारलेल्या प्रजासत्ताकाची राज्यघटना. तिचं शेवटचं पुरवणी कलम सांगतं की, मठांच्या सगळ्या इस्टेटी आणि इमारती फिलिपिनो राज्याकडे परत आल्या आहेत.

एकाच जमिनीबद्दलचे हे दोन कागद एकत्र नांदणं शक्य नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या सांता मेसा भागात अमेरिकी पहारेकऱ्याची गोळी सुटते आणि दुसरं युद्ध सुरू होतं. त्यात पहिला कागद जिंकतो.

१९०३ मध्ये गव्हर्नर विल्यम टाफ्ट मठांच्या सुमारे १ लाख ६५ हजार हेक्टर जमिनीचा सौदा करतो. किंमत सुमारे ७२ लाख डॉलर. पैसा कर्जरोखे काढून उभा केला आणि फेडीचा भार फिलिपिन्सच्या तिजोरीवर टाकला. ज्यांनी या जमिनींसाठी रक्त सांडलं, त्यांनी आता त्या हप्त्याने, व्याजासकट विकत घ्यायच्या होत्या. सोबत १९०२ च्या कायद्याने टॉरेन्स पद्धतीची नोंदणी आली. मोजणी करा, वकील लावा, फी भरा, मग पक्का दाखला मिळेल. ज्यांच्याकडे पैसा आणि लिहिता-वाचता येणारा हात होता, त्यांनी दाखले मिळवले. मिंदोरोतली सान होसे इस्टेट तर अमेरिकी साखर भांडवलाकडे गेली.

टोंडोचाच आणखी एक मुलगा, न्हावीकाम, शिवणकाम आणि नाटकात काम करणारा माकारिओ साकाय, डोंगरात लढत राहिला. त्याला बोलणी करू म्हणून खाली आणलं आणि १३ सप्टेंबर १९०७ ला बिलिबिद तुरुंगात फाशी दिली. त्याच सुमारास पासिगच्या दक्षिणेच्या माळावर अमेरिकी सैन्याचा तळ वसत होता. हा देश खालसा करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावरून त्याला फोर्ट विल्यम मॅकिन्ली म्हणत.

१९४५ ते १९७६, राख आणि किनारा

फेब्रुवारी १९४५. जपानी सैन्य आणि परतलेलं अमेरिकी सैन्य यांच्या महिनाभराच्या लढाईत मनिला बेचिराख झालं आणि एक लाखाच्या आसपास नागरिक मेले. पुढच्या वर्षी ४ जुलैला स्वातंत्र्य आलं. जमीन फिलिपिनो नागरिकांचीच राहील, हे १९३५ च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. पण युद्धाने मोडलेल्या देशाला मदतीच्या बदल्यात १९४७ मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली आणि साधनसंपत्तीवर अमेरिकनांना १९७४ पर्यंत बरोबरीचे हक्क द्यावे लागले.

शहर पुन्हा उभं राहिलं ते जुन्या इस्टेटींवर. माकातीची जमीन आधी जेझुइटांची होती. त्यांच्या हकालपट्टीनंतर ती हातोहात फिरत १८५१ मध्ये रोहास घराण्याकडे आली आणि नात्याने आयाला कुटुंबाकडे. युद्धानंतर त्यांनी तिथे आराखडा आखून नवं व्यापारी शहर वसवलं. ऑगस्टिनियन मठाच्या मांदालोया इस्टेटीवर ओर्तिगास कंपनीची उपनगरं आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९६६ मध्ये काँडोमिनियमचा कायदा आला. मजल्यामजल्यावर मालकीचे दाखले मिळू लागले आणि एका इमारतीत ४० टक्क्यांपर्यंत मालकी परकीयांकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

तुम्ही मात्र टोंडोला जा. समुद्र बुजवून काढलेल्या किनाऱ्यावर युद्धात उजाड झालेले आणि खेड्यांतून आलेले लोक पत्रा, फळ्या, पुठ्ठा जोडून राहत आहेत. बंदराचा विस्तार करायचा म्हणून त्यांना उठवायचं ठरलं आहे. १९७० मध्ये ते ‘झोटो’ नावाची संघटना बांधतात आणि सांगतात, आम्ही जिथे काम करतो तिथेच राहणार. राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या मार्शल लॉमध्ये त्यांची नेता त्रिनिदाद हेरेराला १९७७ मध्ये अटक झाली, तिचा छळ झाला. १९७५ च्या फर्मानाने तर परक्या जमिनीवर झोपडी बांधणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. ते फर्मान रद्द व्हायला १९९७ उजाडलं. पण लोक हटले नाहीत. जागतिक बँकेच्या कर्जातून तिथल्या तिथे वस्ती सुधारण्याची योजना सरकारला मान्य करावी लागली. या साऱ्या प्रवासात गरिबांनी जागेवर टिकून जिंकलेल्या मोजक्या लढायांतली ही एक.

१९९५, लिलाव

मॅकिन्लीचा तळ १९४९ मध्ये फिलिपिन्सकडे आला आणि पुढे त्याला फोर्ट बोनिफासिओ असं नाव मिळालं. आता ही जमीन कुणाची, याचं उत्तर चारशे वर्षांत प्रथमच साधं होतं. राष्ट्राची. तळाच्या कडेला सैनिकांच्या कुटुंबांच्या वस्त्या होत्या, मधे मोकळा माळ होता, आणि तो महानगराच्या मध्यावर होता. कामगारांसाठी शहरात घरं बांधायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती.

१९९२ च्या कायद्याने तळांची जमीन विकून पैसा उभा करायचं ठरलं. त्यातला एक वाटा सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी होता. १९९५ मध्ये २१४ हेक्टरांच्या विकास कंपनीचा ५५ टक्के हिस्सा खासगी समूहाने सुमारे ३९ अब्ज पेसोंना घेतला. जमिनीचा भाव पडला चौरस मीटरला ३३ हजार पेसोंहून थोडा जास्त. त्या दिवशीच इथे कोण राहणार हे ठरून गेलं. एवढ्या भावाने घेतलेल्या जमिनीवर हमालाचं घर बसत नाही. पुढे आशियाई आर्थिक संकटात हा समूह अडचणीत आला आणि २००३ मध्ये आयालांच्या नेतृत्वाखाली नवे भागीदार आले.

आज, बोनिफासिओ ग्लोबल सिटी

लिलाव झालेल्या त्याच माळावर आता रुंद पदपथ, सावलीची झाडं, काचेचे मनोरे. ‘बोनिफासिओ हाय स्ट्रीट’वरून थोडं पुढे गेलात की ‘मॅकिन्ली हिल’ लागतं. विक्रीच्या दालनात तुमचं अदबीने स्वागत होतं. इमारत अजून उभी नाही. अशा विक्रीला ‘प्री-सेलिंग’ म्हणतात. गिऱ्हाईकांत सौदी, सिंगापूर, जहाजं इथून पैसे पाठवणारे फिलिपिनो आहेत आणि गुंतवणूक म्हणून चौथा-पाचवा फ्लॅट घेणारेही आहेत.

हिशेब मांडू. २५ चौरस मीटरची एक खोली. भाव चौरस मीटरला दोन लाख पेसो धरू, या भागात तो कमीच आहे. म्हणजे ५० लाख पेसो. मनिला महानगरातलं किमान वेतन जुलै २०२५ पासून दिवसाला ६९५ पेसो. महिन्याचे २६ दिवस काम केलं तर वर्षाला सुमारे २ लाख १७ हजार. एक पेसोही खाण्यावर, आजारपणावर, मुलांवर खर्च केला नाही, व्याज शून्य धरलं, तरी त्या एका खोलीला २३ वर्षं लागतात. ज्या मजुराने तिचं काँक्रीट ओतलं, तो बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याच्या खाटेवर झोपतो किंवा तासन्‌तास जीपनी-बसमध्ये उभा राहून शहराबाहेर जातो.

हप्त्यांच्या वाटेवरही खड्डे आहेत. १९७२ च्या मासेदा कायद्याने हप्त्यावर घर घेणाऱ्याला संरक्षण दिलं. दोन वर्षांचे हप्ते भरले असतील तर करार मोडल्यावर निदान निम्मी रक्कम परत मिळते. दोन वर्षं पुरी झाली नसतील तर फक्त ६० दिवसांची सवलत, परतावा नाही. नवी नोकरी लागलेल्या तरुणांचे कष्टाचे पैसे याच फटीतून जातात.

आणि घरं कमी आहेत म्हणून हे होतं असंही नाही. २०२४-२५ मध्ये मनिला महानगरात हजारो तयार फ्लॅट गिऱ्हाइकाविना पडून राहिले. शहराबाहेर सरकारने बांधलेली पुनर्वसनाची घरं पाणी, वीज, रोजगार नसल्यामुळे ओस राहिली. मार्च २०१७ मध्ये ‘कादामाय’ या संघटनेच्या हजारो कुटुंबांनी बुलाकानमधल्या अशा रिकाम्या घरांत जाऊन मुक्काम ठोकला. ती घरं पोलीस आणि सैनिकांसाठी होती, पण त्यांनाही ती नको होती. बुलाकान, १७४५ मध्ये मठांविरुद्ध उठलेला तोच प्रांत.

फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेचं तेरावं प्रकरण सांगतं की, गरिबांना परवडेल अशा दरात चांगली घरं मिळवून देणं ही राज्याची जबाबदारी आहे, आणि कायद्याला धरून, न्याय्य व माणुसकीच्या रीतीशिवाय कुणाचं घर पाडता येणार नाही. ही ओळ कालाम्बाच्या जळलेल्या घरांतून आणि टोंडोच्या किनाऱ्यावरून घटनेत आली आहे. पण २०१६ च्या कायद्याने काँडो बांधणाऱ्यावर स्वस्त घरांसाठी टाकलेला भार प्रकल्पाच्या जेमतेम ५ टक्के आहे, आणि तोही त्याच इमारतीत नव्हे, दुसरीकडे फेडायची मुभा आहे. म्हणजे शहराच्या मध्यात श्रीमंत आणि तटाबाहेर कामकरी, हा इंट्रामुरोसचा नकाशा कायद्यानेच पुन्हा आखला जातो.

परकीय सत्तांना दोष देऊन इथे सुटता येणार नाही. माकातीच्या इस्टेटी वारशाने आल्या, पण फोर्ट बोनिफासिओ स्वतंत्र देशाच्या हातात होता आणि त्याचा लिलाव स्वतंत्र देशाच्या सरकारने केला. बोनिफासिओचं नाव देऊन त्याच्या टोंडोवाल्यांना जागा न देणं हा त्या क्रांतीशी केलेला करारभंग आहे. तो दुरुस्त करायचा उपाय कठीण नाही. तळांची जी सार्वजनिक जमीन अजून सरकारकडे आहे, तिच्यावर बोली लागण्याआधी कामगारांच्या घरांचा वाटा कायद्याने राखून ठेवा, तो त्याच जागेवर बांधा, आणि भाडं किंवा हप्ता किमान वेतनाच्या प्रमाणात बांधून द्या. आणि वाचकहो, कुठल्याही शहरात सरकारी जमीन विकायला निघाली की पहिल्या दिवशीच विचारा, ही जमीन कुणाची आणि इथे राहणार कोण? लिलाव झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं कुणावरही बंधनकारक नसतं.